घरातील वस्तू आणि घराची शोकांतिका

शोकांतिका म्हटली, की पूर्वी राजवाडे, तलवारी आणि विषाचे पेले डोळ्यांपुढे उभे राहत. देवलांच्या ‘झुंझाररावा’मुळे मराठी प्रेक्षकाच्या परिचयाची झालेली ऑथेल्लोची कथा एका हातरुमालाभोवती फिरते हे खरे, पण तो रुमालही एका सेनापतीच्या घरचा! विसाव्या शतकातील नाटककाराने मात्र शोकांतिका सामान्य माणसाच्या बिऱ्हाडात आणली. तेथे तलवार कोठून आणावयाची? तेथे असतात फाटके मोजे, हप्त्याने घेतलेला फ्रिज आणि रबराची नळी. एवढ्याशा सामग्रीवर शोकांतिकेचा भार पेलतो कसा, हे पाहण्यासाठी आम्ही एकच नाटक निवडले आहे. ते म्हणजे 1949 साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेले आर्थर मिलरचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’.

कथा थोडक्यात अशी. विली लोमन हा त्रेसष्ट वर्षांचा फिरता विक्रेता. सारा जन्म मोटार हाकीत गावोगाव माल खपवण्यात गेला. आता शरीर थकले आहे आणि मालकाला तो नकोसा झाला आहे. घरी लिंडा ही सोशिक पत्नी आणि बिफ व हॅपी हे दोन मुलगे आहेत. थोरल्या बिफवर बापाच्या साऱ्या आशा. पण बापलेकांचे पटत नाही. का पटत नाही, याचे उत्तर एका मोज्यांच्या जोडीत दडलेले आहे.

पहिल्या अंकात लिंडा आपले रेशमी मोजे रफू करीत बसलेली दिसते. काटकसरी गृहिणीचे हे नित्याचे काम. पण ते पाहून विली एकदम संतापतो आणि ते मोजे टाकून दे म्हणतो. त्याच्या क्षणभर आधी त्याच्या आठवणीतील एक परकी स्त्री मोज्यांबद्दल त्याचे आभार मानताना आपण ऐकलेली असते. दुसऱ्या अंकात उलगडा होतो. परीक्षेत नापास झालेला बिफ बापाच्या आधारासाठी बॉस्टनच्या हॉटेलात गेला, तेव्हा ती स्त्री त्याला तेथे दिसली आणि विलीने कबूल केलेले नवे मोजे ती मागत होती. आईच्या वाट्याला ठिगळ आणि परकीला नवे कोरे खोके! मुलाची श्रद्धा तेथेच मोडली. लेखकाने मोज्यांचा अर्थ कोठेही सांगितलेला नाही. एकच वस्तू दोन स्त्रियांच्या हाती दिली. उरलेले काम प्रेक्षकाचे मन करते.

रबराच्या नळीचे तसेच. तळघरात फ्यूजच्या पेटीमागे लिंडाला ती सापडते आणि पाणी तापवण्याच्या गॅसच्या बंबाला नवे तोंड बसवलेले दिसते. नवरा जीव देण्याच्या विचारात आहे हे तिला कळते. ती रोज नळी काढून घेते आणि तो घरी येण्याच्या वेळी पुन्हा जागच्या जागी ठेवते. कारण आपल्याला हे कळले आहे असे दाखवणे म्हणजे त्याचा अपमान. नळी उचलणे आणि ठेवणे, एवढ्या एका कृतीत त्या संसारातील सारे प्रेम आणि सारे मौन आलेले आहे. शेवटी बिफ तीच नळी बापासमोर टेबलावर आपटतो. घरात जे कोणी बोलत नव्हते, ते त्या क्षणी बोलले जाते.

बाकीच्या वस्तू याच न्यायाने येतात. मोठ्या जाहिराती पाहून घेतलेला फ्रिज हप्ते फिटण्याआधीच बिघडतो. एकदा तरी एखादी वस्तू मोडण्यापूर्वी पुरती आपली व्हावी, ही विलीची तक्रार विनोदी वाटते. पण त्याची अवस्थाही तीच आहे. मालकाने त्याला वापरून टाकून दिले आहे. उंच इमारतींच्या छायेत, जेथे काही उगवणार नाही अशा अंगणात, तो रात्री विजेरीच्या उजेडात भाजीचे बी पेरतो. त्याच्या नमुन्यांच्या दोन पेट्यांत कोणता माल आहे, हे मात्र अखेरपर्यंत कळत नाही. माल कोणताही असो, तो स्वतःलाच विकत होता, असा अर्थ आम्ही घेतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रतीक म्हणजे वस्तूवर वरून चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. वस्तू आधी घरात वस्तू म्हणून राबली पाहिजे. मोजे फाटले पाहिजेत, हप्ता थकला पाहिजे. मग ती दुसऱ्या हाती, दुसऱ्या प्रसंगी दिसली, की तिच्यात अर्थ भरतो.

सर्वांत मोठी वस्तू अर्थातच घर. त्याच्या कर्जासाठी विली पंचवीस वर्षे झिजला. आपल्या मरणाने विम्याचे वीस हजार डॉलर मुलाला मिळतील या हिशेबाने तो मोटार घेऊन बाहेर पडतो आणि परत येत नाही. ज्या दिवशी त्याला पुरले, त्याच दिवशी लिंडाने घराचा शेवटचा हप्ता भरला. घर ऋणमुक्त झाले, पण आता त्यात राहावयाचे कोणी? कर्ज काढून घर बांधणाऱ्या कोणत्याही गावच्या माणसाला हा प्रश्न परका वाटणार नाही.