आतड्याची रसद तुटते तेव्हा

मी शिवाजीनगरातून बोलतोय. पुण्याचं नव्हे, बंगळूरचं. रसेल मार्केट इथून चालत दहा मिनिटांवर, आणि एकोणिसाव्या शतकापासून चालू असलेलं बौरिंग हॉस्पिटलही याच भागात. त्याच्या आवारात हातात डबा आणि रिपोर्टची पिशवी घेऊन बसलेले नातेवाईक मी रोज बघतो. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. आयुष्य पायदळात गेलं. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात एक गोष्ट शिकलो, ती सांगायलाच हवी.

ताई ७४ वर्षांची, कराडहून आमच्याकडे आलेली. न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं, तेही छान झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पोटात डाव्या बाजूला कळ आली, घाईची लागली, आणि रात्री शौचातून रक्त गेलं. ताईला कन्नड येत नाही. आयाला तिने लाजत सांगितलं, "लाल झालंय." आयाला ते कळलं नाही. मला, भावाला, कसं सांगायचं म्हणून ती गप्प राहिली. सकाळी माझी बायको गेली तेव्हा तिच्या कानात म्हणाली, "मूळव्याध असेल गं, यांना सांगू नकोस." बायकोने ऐकलं नाही, थेट नर्सला गाठलं. पण एक रात्र गेली ती गेलीच.

निदान झालं 'इस्केमिक कोलायटिस'. म्हणजे मोठ्या आतड्याला रक्त कमी पडल्यामुळे आलेली सूज. ब्रिटिश शल्यचिकित्सक एड्रियन मार्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली या आजाराला हे नाव दिलं.

मला हा आजार समजला तो फौजी भाषेत. मोठ्या आतड्याला दोन मुख्य धमन्या रसद पुरवतात. एक उजव्या बाजूला, दुसरी डाव्या. दोन पलटणींच्या हद्दी जिथे मिळतात तो सांधा नेहमी कच्चा असतो, शत्रू तिथेच घुसतो. आतड्यातही तसंच. डाव्या बरगडीखाली, प्लीहेजवळच्या वळणावर, दोन्ही धमन्यांची हद्द मिळते. खाली गुदाशयाजवळ असाच दुसरा सांधा आहे. रक्तदाब पडला की शरीर मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी आतड्याची रसद कापतं, आणि पहिला फटका या सांध्यांना बसतो. आतलं नाजूक अस्तर आधी सोलतं, म्हणून आधी कळ आणि साधारण दिवसभरात रक्त.

ताईच्या बाबतीत कारणं एकावर एक साचली होती. ऑपरेशनमध्ये बीपी थोडा वेळ उतरला होता. घरून लघवी वाढवणारी गोळी चालू होती. तीव्र वेदनाशामकांनी पोट साफ होत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून ती पाणीच पीत नव्हती! हृदयाची किंवा महाधमनीची शस्त्रक्रिया झालेले, डायलिसिसवरचे, जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेले, अशा रुग्णांनाही हा धोका असतो.

आता उपचार. धमनी उघडायचं मोठं ऑपरेशन होईल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. या आजारात बहुतेक वेळा एकच मोठी धमनी तुंबलेली नसते, एकूण पुरवठाच कमी पडलेला असतो. म्हणून उपचार म्हणजे पुरवठा सावरणं. सलाईन देऊन रक्तदाब वर आणायचा, तोंडाने खाणं थांबवून आतड्याला विश्रांती द्यायची, रक्तवाहिन्या आकसवणारी औषधं शक्य तिथे कमी करायची, आणि आजार मध्यम किंवा गंभीर असेल तर अँटिबायोटिक. सीटी स्कॅन होतो. पोट फार कडक नसेल तर पहिल्या दोन दिवसांत जपून कोलोनोस्कोपी करतात. शौचाचा नमुनाही तपासतात, कारण आमांश किंवा अँटिबायोटिकनंतर होणारा जंतुसंसर्ग असाच दिसू शकतो.

आणि मग पहारा. डॉक्टर दर काही तासांनी पोट दाबून बघत होते, नाडी, लघवी, रक्तातलं लॅक्टेट मोजत होते. बहुसंख्य रुग्ण काही दिवसांत असेच सावरतात. पण पोट लाकडासारखं कडक झालं, ताप आणि नाडी चढत गेली, बीपी टिकेना, तर आतडं सडत असण्याची शक्यता असते. तेव्हा मेलेला भाग कापून काढावाच लागतो, तिथे तास मोजायचे असतात. त्रास फक्त उजव्या बाजूच्या आतड्यात असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात, कारण तिथली मुख्य धमनी छोट्या आतड्यालाही रक्त देते.

व्हेंटिलेटरवरचा माणूस कळ सांगू शकत नाही. त्याचं पोट फुगलं, नळीतून दिलेलं अन्न पचेना, शौच लाल दिसलं, तर तीच त्याची हाक समजा.

आपलं काम काय? घरच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या हातात द्या. पाणी किती प्यायचं ते विचारा आणि तेवढं पाजा. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला मनाने जास्त पाजू नका. जुलाब थांबवायची गोळी किंवा एनिमा स्वतःहून देऊ नका. आणि रक्त दिसलं की मूळव्याध ठरवून मोकळे होऊ नका. कधी दिसलं, किती वेळा, आधी कळ होती का, हे लिहून ठेवा आणि लगेच सांगा.

परक्या राज्यात असाल तरी अडू नका. कन्नडमध्ये पोटदुखीला 'होट्टे नोवू' म्हणतात. आणि रक्ताला? रक्तच. तेलुगूत, मल्याळममध्ये, बंगालीतही थोड्या फरकाने तोच शब्द आहे. ताईने त्या रात्री 'लाल' न म्हणता 'रक्त' म्हटलं असतं, तर आयाला तेव्हाच कळलं असतं.

ताई सहाव्या दिवशी मऊ भात जेवली, आता काठी घेऊन चालते. ही हकीकत सांगू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "सांग. माझ्यासारखी लाजणारी घराघरांत असेल."

आज घरातल्या आईला, आत्याला, मोठ्या काकांना एवढं सांगून ठेवा की दवाखान्यात लाजायचं नाही. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.