मोकळ्या हवेचे भाडे

जून २०१२ मध्ये मी डोंबिवलीचे बिऱ्हाड मोडून साताऱ्यास आलो. त्यापूर्वी सात वर्षे मुंबई परिसरातील दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवीत होतो. ज्यांना या तत्त्वाचा अनुभव आहे त्यांना त्याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. तास झाला तर मानधन, सुट्टी लागली की तेही बंद, आणि पुढील वर्षी बोलावणे येईल की नाही याची शाश्वती कोणासच नाही. अशा स्थितीत साताऱ्यातील एका महाविद्यालयात कायम पद मिळाले. गाव अनोळखी, तेथे ना नातलग, ना मित्र. तरीही होकार देताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. याचे एक कारण अर्थातच कायमचा पगार हे होते. दुसरे कारण मी त्या वेळी फारसे कोणास सांगितले नाही. ते कारण म्हणजे डोंगर.

डोंबिवलीस असताना रविवारी पहाटेच्या पहिल्या कर्जत गाडीने निघावे, पेब, पेठ किंवा राजमाची गाठावी आणि रात्री पाय ओढीत घरी परतावे, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम होता. पाच-सहा तास डोंगरात घालविण्यासाठी तेवढेच तास प्रवासात जात. साताऱ्यात घरातून निघाल्यापासून पाऊण तासात मी अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळापाशी उभा असतो. समोर यवतेश्वर, नैर्ऋत्येस सज्जनगड, पूर्वेस जरंडा, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेकडे चंदन-वंदनची जोडी. हे सर्व पाहून आठच्या आत परत आणि साडेदहाच्या तासाला वर्गात हजर. मी रुजू झालो त्याच पावसाळ्यात पश्चिम घाटातील ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि त्या यादीत साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कासचे पठारही होते. आपण योग्य वेळी योग्य ठिकाणी आलो आहोत, असे मला वाटले तर त्यात नवल नाही.

परंतु ज्या गृहस्थांकडे आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या, त्यांना मात्र माझ्या येण्याचे नवल वाटले होते. पहिल्याच संध्याकाळी चहा पाठवून ते स्वतःही मागोमाग आले आणि म्हणाले, "मुंबई सोडून हितं आलाय व्हय सर? आमची समदी पोरं तर हितनं तिकडं जात्यात." मी हसून विषय टाळला. त्या एका वाक्यात साताऱ्याचा शंभर वर्षांचा आर्थिक इतिहास सामावलेला आहे, हे ध्यानात यायला मला पुढे बराच काळ लागला.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील जावळी, पाटण या डोंगरी भागांतून माणूस मुंबईस गेला तो गिरणीत आणि गोदीत, धान्यबाजारात आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर. पाठीवर ओझे वाहणाऱ्या ज्या कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच. डोंगरउतारावरची नाचणी आणि वरई कुटुंबाला वर्षभर पुरत नसे. म्हणून घरटी एक माणूस मुंबईस जाई आणि त्याची मनीऑर्डर गावातील चूल पेटती ठेवी. कोयनेचे धरण झाले तेव्हा शिवसागराच्या पाण्याखाली नदीकाठची चांगली जमीन गेली आणि उरलेले लोक आणखी वर सरकले किंवा दूर पुनर्वसनात गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचा एक दरवाजा बंद झाला. परंतु जाणारी पावले थांबली नाहीत. ती वाशीच्या बाजाराकडे, पुण्याच्या कारखान्यांकडे वळली. म्हणजे ज्या वाटेने मी वर आलो, त्याच वाटेने एक संपूर्ण प्रदेश दोन-तीन पिढ्या खाली उतरत होता.

अर्थशास्त्र या दोन विरुद्ध प्रवासांकडे कसे पाहते? अॅडम स्मिथने १७७६ सालीच दाखवून दिले आहे की, कामाच्या सुखकर-असुखकर स्वरूपाप्रमाणे मजुरीत फरक पडतो. अप्रिय कामास अधिक मोबदला द्यावा लागतो. हाच विचार पुढे गावांना लावण्यात आला. जेथे हवा चांगली, परिसर रम्य, तेथे माणूस थोड्या कमी पगारावर किंवा थोड्या अधिक भाड्यावर राहावयास तयार होतो, असे जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले. थोडक्यात, मोकळी हवा फुकट नसते. पगार आणि घरभाडे या दोन खिडक्यांवर तिची किंमत आपण भरीत असतो.

आमच्या वेतनश्रेणीत हे शब्दशः पाहावयास मिळते. मूळ वेतन मुंबईत असो की साताऱ्यात, सारखेच. फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात. सहाव्या वेतन आयोगाने एक्स, वाय आणि झेड वर्गाच्या शहरांसाठी मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के असा भत्ता ठरविला. सातव्याने प्रारंभी २४, १६ आणि ८ टक्के. आकडे बदलले, तरी तीनास दोनास एक हे प्रमाण कायम राहिले. मुंबई आणि पुणे पहिल्या वर्गात, सातारा शेवटच्या. मुंबईतील माझ्या समवयस्क सहकाऱ्याला भत्त्यापोटी जे मिळते त्याचा तिसरा हिस्सा मला मिळतो. मी त्याला थट्टेने म्हणत असे की, उरलेले दोन हिस्से सरकार मला अजिंक्यताऱ्याच्या रूपाने देते. साताऱ्यातील भाडे मुंबईच्या मानाने इतके कमी होते की, हा सौदा मला निःसंशय फायद्याचा वाटे.

हा हिशेब अपुरा आहे, हे माझ्या ध्यानात आणून दिले ते माझ्या पत्नीने. ती मुंबईतील एका खासगी कचेरीत हिशेबनीस होती; नऊ वर्षांची नोकरी, जमलेली मैत्री, आणि सायंकाळच्या गाडीतील तिचा ठरलेला डबा. हे सर्व सोडून ती आली. साताऱ्यात तिला तीन वर्षे मनाजोगे काम मिळाले नाही. ज्यांना मिळवते राहण्याची सवय आहे अशा माणसाला घरखर्चासाठी हात पुढे करणे किती जड जाते, हे मी रोज सकाळी डोंगरावर जात असल्यामुळे मला दिसले नाही. एकदा महिनाअखेर मी वहीत जमाखर्च मांडीत बसलो असता ती शांतपणे म्हणाली, "यात माझा पगार कुठल्या बाजूला लिहिला आहे?" वहीत तो कोठेच नव्हता. तो पगार थांबला होता. आणि जे थांबले त्याची नोंद करण्याचे मला सुचलेही नव्हते.

जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये कुटुंबाच्या स्थलांतरावर एक निबंध लिहिला. कुटुंबाचा एकत्रित फायदा होतो म्हणून कुटुंब हलते. परंतु त्यातील एका व्यक्तीचा तोटा होत असतो. अशी व्यक्ती केवळ बांधलेली म्हणून जाते आणि बहुधा ती स्त्री असते, असे त्यांचे विवेचन आहे. हा निबंध मी पदव्युत्तर अभ्यासात वाचला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले आणि स्त्रियांच्या बाबतीत स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच होते. हे आकडे मी फळ्यावर अनेकदा लिहिले आहेत. स्वतःच्या घरातील उदाहरण मात्र दुसऱ्याने दाखवावे लागले. पुढे तिने शेजारच्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या आणि चौथ्या वर्षी एका पतसंस्थेत तिला नोकरी लागली. पगार मुंबईपेक्षा कमी, पण आपला. त्या दिवसापासून सातारा हे 'आमचे' गाव झाले. तोवर ते केवळ माझे होते.

हिशेबातील दुसरी चूक दाखविली ती एका विद्यार्थ्याने. तो कासच्या पलीकडील, बामणोलीच्या बाजूचा. शहरात नातेवाइकांकडे राहून, सकाळी दूध आणि वर्तमानपत्रे टाकून शिकत असे. तृतीय वर्षात वर्गात मी चार्ल्स टिबू यांचा १९५६ चा सिद्धांत शिकवीत होतो: नागरिक आपल्या पसंतीच्या सोयी देणारे गाव निवडतो, जणू पायांनी मतदान करतो. उदाहरण म्हणून मी स्वतःचेच दिले. तास संपल्यावर तो माझ्याबरोबर जिना उतरत म्हणाला, "सर, तुम्ही जे बघायला वर जाता ते आमच्या दारातच आहे. पण मला पुण्याला जावं लागणार. मग मी कुणाला मत दिलं म्हणायचं?"

मी त्याला त्या वेळी पुस्तकी उत्तर दिले. टिबू यांच्या गृहीतकांत नोकरीचे बंधनच नाही. त्यांच्या प्रतिमानातील माणूस लाभांशावर जगतो, असे सांगितले. उत्तर बरोबर होते. परंतु त्याच्या प्रश्नाचा रोख निराळा होता. गाव निवडण्याचे स्वातंत्र्य हे पोटाची व्यवस्था आधी झालेल्या माणसाचे स्वातंत्र्य आहे. माझी ती झाली होती, म्हणून मला हवा निवडता आली. त्याची झाली नव्हती, म्हणून त्याला ती सोडावी लागली. तो आज पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरीस आहे.

हा प्रश्न आता साताऱ्यापुरता राहिलेला नाही, आणि साताऱ्यात तर तो अधिकच निकडीचा झाला आहे. निसर्गाच्या ओढीने येणारा मी काही एकटा नव्हे. माझ्यासारखे नोकरीनिमित्त येतात, काही निवृत्तीनंतर येतात, आणि ज्यांची ऐपत अधिक ते शनिवार-रविवारसाठी डोंगरउतारावर जागा घेतात. यवतेश्वराच्या घाटातून वर जाताना हे उघड दिसते. सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतील गावांना सामावून घेणारा 'नवीन महाबळेश्वर' या नावाचा गिरिस्थान प्रकल्पही राज्य शासनाने आखला आहे. त्यातून रोजगार निर्माण होईल, असे सांगण्यात येते; तो व्हावयासही हवा. प्रश्न एवढाच की, जमीन विकून मिळालेला पैसा संपल्यावर त्या घरातील मुलगा आपल्याच जमिनीवरील बंगल्याचा राखणदार होणार की आणखी काही?

येथे कासचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींच्या जाती असलेल्या या पठारावर फुलांच्या हंगामात गर्दीने कहर मांडला, तेव्हा प्रवेशशुल्क, दैनंदिन संख्येवर मर्यादा आणि परिसरातील गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत देखरेख अशी व्यवस्था उभी राहिली. तिच्यातील उणिवा स्थानिक वृत्तपत्रांतून वरचेवर चर्चिल्या जातात आणि त्या चर्चिल्या जाव्यातही. परंतु तत्त्व योग्य आहे. सामायिक साधनसंपत्ती एक तर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खासगी मालकीची करावी, हे दोनच मार्ग असतात असे मानण्याचा प्रघात होता. लोक स्वतः नियम करून अशी संपत्ती पिढ्यान्पिढ्या सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. डोंगर पाहावयास येणाऱ्याने शुल्क द्यावे आणि ते डोंगर सांभाळणाऱ्याच्या घरी पोहोचावे, ही मागणी म्हणूनच दयेची नव्हे, हिशेबाची आहे. साताऱ्याला कासच्या तलावाचे पाणी उताराने, विजेवाचून मिळते. ज्या माथ्यावर हे पाणी धरून ठेवलेले आहे त्या माथ्यावरील गावांना शहर काय देते, हेही त्याच हिशेबात यावे.

अनोळखी गावी जावे की नाही, असा सल्ला माझे तरुण सहकारी आणि जुने विद्यार्थी मला अनेकदा विचारतात. अवश्य जावे, असेच मी सांगतो. मोठ्या शहरावाचून विद्वत्ता आणि सुख मिळत नाही, हा आपल्या मध्यमवर्गाचा एक भ्रम आहे. मुंबईतील ग्रंथालये आणि नाट्यगृहे मला आजही आठवतात, त्यांची उणीव भासते. परंतु त्यांच्या मोबदल्यात मला जे मिळाले ते कमी नाही. मात्र जाण्यापूर्वी वहीत दोन रकाने अधिक आखावेत. बरोबर येणारे माणूस काय सोडून येत आहे, हा एक. आणि आपण जेथे जात आहोत तेथून निघून जाणारे का जात आहेत, हा दुसरा. हे रकाने भरल्यावर कदाचित निर्णय बदलणार नाही. माझाही बदलला नसता. परंतु मी पत्नीसाठी काम आधी शोधले असते आणि नंतर घर. आणि वर्गात स्वतःचे उदाहरण देताना थोडा अधिक सावध राहिलो असतो.

गेल्या दिवाळीत तो विद्यार्थी अजिंक्यताऱ्याच्या चढावर भेटला. बरोबर त्याची पाच वर्षांची मुलगी होती. सुट्टीत तिला गाव दाखवावयास आणले होते. ती धापा टाकीत वर चढत होती आणि प्रत्येक वळणावर "अजून किती?" असे विचारीत होती. आमच्या घरमालकांप्रमाणे त्यानेही मला विचारले, "सर, तुम्ही अजून इथंच?" मी हो म्हटले. बामणोलीच्या घराची दुरुस्ती काढली आहे, हंगामात दोन खोल्या पाहुण्यांना देता येतील का ते पाहतो आहे, असे तो सांगत होता. कर्ज किती, व्याज किती, वर्षातून किती दिवस खोल्या भरतील, हे आम्ही तेथेच एका दगडावर बसून मांडू लागलो. आकडे अजून जुळलेले नाहीत. पुढच्या खेपेस तो कागद घेऊन घरी येणार आहे. पतसंस्थेच्या कर्जाविषयी जे विचारावयाचे ते आता माझ्या पत्नीलाच विचार, असे मी त्याला सांगितले आहे.