खेड्यातून निघालेला 'दीनमित्र'

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडसारख्या एखाद्या गावातून कुणी साप्ताहिक छापतो आणि ते महाराष्ट्रभर वाचले जाते, ही कल्पना आजही धाडसी वाटते. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ती खरी केली.

वृत्तपत्राचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले होते. वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले होते. मुकुंदरावांनी 'दीनमित्र' काढले ते मात्र अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाण्यातून. पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघू लागले. खेड्यात छापखाना चालवायचा म्हणजे काय, विचार करा! कागद, शाई, खिळे, सगळेच बाहेरून आणायचे.

सावकारी, कुलकर्णी वतन, अंधश्रद्धा, जातिभेद यांवर त्यांनी सडेतोड लिहिले. 'कुलकर्णी लीलामृत' तर त्यांनी पोथीसारखे ओवीत रचले. शेतकऱ्याच्या कानाला ओवीची सवय होती. हे हेरणारा संपादक मला फार मोठा वाटतो.

१९६७ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर 'दीनमित्र' चालूच होते.

मुकुंदरावांच्या लेखनामागचा जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक विचार आपल्या बुलढाण्यातही रुजला होता. १९२७ साली फुल्यांचे चरित्र लिहिणारे पंढरीनाथ पाटील याच जिल्ह्याचे. मुकुंदराव आणि पंढरीनाथ, दोघांनाही जरूर वाचा.