ज्येष्ठांसाठी ‘फ्री डिश’चा सेट-टॉप बॉक्स
प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेली आणि आज ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाणारी सेवा मासिक शुल्काविना चालते; तिच्यासाठी डिश आणि सेट-टॉप बॉक्स, म्हणजे उपग्रहाच्या संकेतांचे चित्रात रूपांतर करणारे यंत्र, एकदाच विकत घ्यावे लागते. चित्र आकुंचित करून पाठवण्याच्या ‘एमपेग-२’ या जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर ‘एमपेग-४’च्या वाहिन्या दिसत नसल्याने नव्या पद्धतीचाच बॉक्स घेणे हिताचे. वृद्धांसाठी मात्र वाहिन्यांच्या संख्येपेक्षा रिमोटची मोठी, ठळक बटणे आणि सह्याद्री वाहिनी चटकन लागणे अधिक मोलाचे ठरते. ‘फ्री डिश’चे संकेत पाठवणारा जीसॅट-१५ हा उपग्रह कोल्हापूरहून आग्नेय दिशेला असून मुसळधार पावसात त्याचे संकेत क्षीण होतात, म्हणून डिश पावसाळ्यापूर्वीच घट्ट बसवून घ्यावी.