नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

जुन्नरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता घाटघर गावाजवळ सह्याद्रीच्या कड्याला जाऊन टेकतो. एका बाजूला जीवधनचा किल्ला, दुसऱ्या बाजूला नाणेघाटाची खिंड आणि समोर एकदम तुटलेला कडा. त्याच्या तळाशी कोकणाचा विस्तीर्ण मुलूख. पावसाळ्यात येथे वाऱ्याचा जोर असा असतो की, कड्यावरून झेपावणारे पाणी खाली न पडता उलट वर उसळते. हे नवल पाहण्यासाठी पुण्यामुंबईहून माणसांची रीघ लागते. घाटघरच्या शेतकऱ्याला मात्र त्याच वेळी भातलावणीची घाई असते. तोच पाऊस, तोच वारा त्याच्या अंगावर रोज असतो. पाहुण्याला जे अप्रूप ते रहिवाशाला नित्याचे, हा जगाचाच न्याय आहे.

धर्मश्रद्धेच्या क्षेत्रात हा न्याय अधिक कठोरपणे प्रत्ययास येतो. ज्याला श्रद्धेचा साक्षात्कार नव्याने होतो, तो काही काळ भारावलेला असतो. पुढे प्रार्थना पाठ होते, सण ठरलेल्या तारखेला येतात आणि जातात, आणि ज्या कथेने एकदा अंगावर रोमांच उभे राहिले होते ती ऐकताना जांभई येऊ लागते. जन्मानेच ज्याला तो धर्म मिळालेला असतो, त्याला तर हे नऊ दिवसही लाभत नाहीत. ख्रिस्ती शुभवर्तमानांना ही अडचण पूर्वीपासून ठाऊक आहे. येशूचे बोल ऐकून दूरदूरची माणसे थक्क होत. पण त्याच्या स्वतःच्या नाझरेथ गावात, हा तर आपल्या ओळखीचा सुतार, असे म्हणून गावकऱ्यांनी त्याला मोडीत काढले. तेथे आड आली ती अतिपरिचयातून आलेली बेफिकिरी. मग विस्मय टिकवायचा कसा, आणि त्याचे भक्तीत रूपांतर व्हायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मराठी माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. नाणेघाटाच्या वाटेने एके काळी कल्याण बंदरातला माल जुन्नरला चढत असे. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने ज्या 'कल्लियाना' गावी ख्रिस्ती बिशप असल्याची नोंद केली, ते हेच कल्याण होय, असे काही अभ्यासक मानतात. ते खरे असो वा नसो, मराठी भाषेतील ख्रिस्ती भक्तीचा ग्रंथरूप इतिहास मात्र निश्चितपणे 1616 सालापासून सांगता येतो. त्या वर्षी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापले गेले. स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आला. त्याने साष्टीच्या लोकांत आयुष्य घालविले, त्यांची भाषा आत्मसात केली, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांत बायबलची कथा सांगितली.

या पुराणाच्या निर्मितीमागील निमित्त मोठे बोलके आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचावे, ऐकावे असे काही हाती नव्हते. एका ब्राह्मण श्रोत्याने हीच उणीव बोलून दाखविल्याचा प्रसंग स्टीफन्सने ग्रंथात घातला आहे. सिद्धांत घोकून घेतले होते; परंतु संध्याकाळी दिवा लागल्यावर मनाने कोठे वळावे, हे कोणी सांगितले नव्हते. स्टीफन्सने ती जागा ओळखली आणि ज्या छंदाला लोकांचे कान सरावलेले होते त्याच छंदात नवी कथा ओतली. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेच्या वापरावरच हुकूम काढून बंदी घातली. तरीही हे पुराण नष्ट झाले नाही. त्याच्या मूळ छापील प्रती आज कोठे आढळत नाहीत. परंतु हस्तलिखितांच्या रूपाने ते कारवार-मंगळूरच्या बाजूस स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनी जपले, आणि 1907 साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. राजाज्ञेपेक्षा ओवी अधिक टिकाऊ ठरली, याचे कारण ती माणसांच्या तोंडी होती.

त्यानंतर सुमारे तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हीच उणीव दुसऱ्या रूपात भेटली. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पर्वतावरील प्रवचन वाचून ते हेलावून गेले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ज्या मंडळीत ते आले तेथील उपासनेचा साज बव्हंशी परका होता. परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी जिभेवर नीट बसत नव्हती. टिळकांनी अभंग रचले, भजने रचली, कीर्तने केली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती, आणि ती त्यांनी कधी लपविली नाही. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीते मोठ्या संख्येने गाइली जातात. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्याचे दार मोकळे होते. 1919 साली ते निवर्तले.

टिळकांची वृत्ती कवीची होती. विस्मय त्यांच्या स्वभावातच होता. म्हणून या विषयात खरा धडा मिळतो तो लक्ष्मीबाई टिळकांकडून. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. सोवळे-ओवळे, जातपात हे सारे त्यांनी एका दिवसात टाकले नाही. स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर, प्रवासात एकेक गाठ सुटत गेली, आणि हे भेद देवाने केलेले नाहीत, असे मनाशी पटल्यावरच 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या श्रद्धेत दिपवून टाकणारी वीज नाही. आहे ती मंद आचेवर शिजलेली गोडी. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे पानोपानी जाणवते. दारिद्र्य, फजिती, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, यांतल्या प्रत्येक प्रसंगाकडे त्या हसऱ्या कुतूहलाने पाहतात. नित्याच्या गोष्टीकडे पहिल्यांदा पाहिल्यासारखे पाहणे, यापेक्षा विस्मय तो वेगळा काय असतो?

आणि त्यांच्या भक्तीची कसोटी 'ख्रिस्तायना'त लागली. टिळकांनी आरंभलेले हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरे केले. 1936 मध्ये त्यांचा अंत झाला; ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला. उत्साहाच्या भरात एक अभंग होतो, चौसष्ट अध्याय होत नाहीत. त्यासाठी रोज सकाळी उठून कालच्या जागेवर पुन्हा बसावे लागते.

पुणे जिल्ह्यातच केडगावला पंडिता रमाबाईंनी याच मार्गाची साक्ष दिली आहे. दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुलीबाळींचा संसार सांभाळीत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत चालविले. 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी त्यांनी हे काम टाकले नाही. 1922 मध्ये मृत्यूपूर्वी ते तडीस नेले. अगदी अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध करून हीच परंपरा पुढे चालविली. 2020 मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 साली त्यांचे निधन झाले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. भक्ती ही ईश्वरी कृपा आहे. ओवी, कीर्तन, भाषांतर ही तर बाह्य साधने, त्यांनी अंतःकरण कसे पालटेल? आक्षेपात तथ्य आहे. पाऊस कोणाच्या हुकमाने पडत नाही. परंतु बांध घातलेले खाचर आणि उघडा कातळ यांवर एकच पाऊस पडला, तरी पाणी कोठे ठरते हे घाटघरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांची कथाही हेच सुचविते. पुनरुत्थित ख्रिस्त त्यांच्याबरोबर मैलोगणती चालला, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळख पटली ती घरी जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना.

आज धोका आहे तो नेमका येथे. शहरांतील अनेक ख्रिस्ती घरांत मुलांची प्रार्थना इंग्रजीत होते, आणि टिळकांची पदे आजीबरोबर मावळत जातात. त्यांची जागा कोठे भव्य सभा घेतात, कोठे ध्वनिवर्धकांचा कल्लोळ. त्यांतून विस्मय उपजत नाही असे नाही. पण तो पुढच्या सभेपर्यंतही पुरत नाही, म्हणून पुढची सभा अधिक मोठी करावी लागते. ही स्थिती एकट्या ख्रिस्ती समाजाची नाही. वारी पाहायला जाणारे आणि वारी करणारे यांतील अंतर प्रत्येक धर्मात वाढत आहे. म्हणूनच लक्ष्मीबाईंचे उदाहरण सर्वांच्या कामाचे आहे. आपल्या भाषेत रोजचे चार शब्द, रोजची काही सेवा आणि रोजच्या माणसांकडे ताज्या नजरेने पाहण्याचा सराव, एवढ्या भांडवलावर त्यांनी श्रद्धेचा संसार केला.

नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांच्या राणीने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरविलेला लेख धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य अशा देवतांना वंदन करून सुरू होतो. त्या वाटेने चढणाऱ्या व्यापाऱ्याला तो कडा रोज दिसत असे, आणि हे वंदनही रोज वाटेत येत असे. नवल पाहून निघून जाणारे पुष्कळ. त्याच्यापुढे दररोज मस्तक लववणारे थोडे. श्रद्धा टिकते ती या थोड्यांच्या बळावर.