पार्कवरचं रणजी

इंग्लंडमध्ये काउंटी सामना बघायला जाणं ही दिवसभराची सहल असते. डबा, थर्मास, वर्तमानपत्र आणि डोक्यावर टोपी घेऊन निघायचं. ग्लॉस्टरशायरचा संघ 1872 पासून चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मैदानावर खेळायला जातो. गाव त्याला उत्सवच म्हणतं. आपल्याकडे हे सुख रणजी करंडकात आहे, पण फार थोड्यांना मिळतं. महाराष्ट्राचा संघ घरचे सामने बहुधा पुण्याजवळच्या गहुंजेला, द्रुतगती मार्गालगत खेळतो. तिथं जायला गाडी लागते, आणि पोचल्यावर हजारो रिकाम्या खुर्च्यांत आपली एक खुर्ची. सोलापूरकरांचं नशीब वेगळं. सात रस्त्यावरून रंगभवनच्या बाजूनं निघालं की पार्क मैदान पायी गाठता येतं. कागदोपत्री ते इंदिरा गांधी स्टेडियम, पण रिक्षावाल्याला ‘पार्क’ सांगितलं की पुरे.

जानेवारी 2024 मध्ये जवळजवळ तीन दशकांनी इथं रणजी परतलं. पाहुणा संघ मणिपूरचा. 2018-19 च्या हंगामात नऊ नवे संघ स्पर्धेत आले, त्यांतलाच हा एक. 2022-23 ला प्लेट गटाच्या अंतिम फेरीत हरूनही त्याला बढती मिळाली, म्हणून महाराष्ट्राच्या गटात आला. त्याचे दोन डाव 137 आणि 114 वर आटोपले. महाराष्ट्रानं मध्ये एकदाच फलंदाजी करून 320 केल्या आणि डाव व 69 धावांनी सामना खिशात घातला. सामना एकतर्फी होता, हे खरंच. पण एकतर्फी सामनाही मैदानात बसून बघण्यात गंमत असते, ती धावफलक वाचून कळत नाही.

गंमत कसली? साडेनऊला खेळ सुरू होतो तेव्हा थंडी असते, स्वेटर अंगावर असतो. अकरापर्यंत सोलापूरचं ऊन आपला स्वभाव दाखवतं आणि स्वेटर मांडीवर येतो. डावखुरा फिरकीपटू गोलंदाजीला आला की कर्णधार सिली पॉइंट आणि शॉर्ट लेगला माणसं आणतो. टीव्हीवर हे दोघं चौकटीच्या कडेला असतात. इथं दिसतं की चेंडू पडण्याआधीच शॉर्ट लेगचा पोरगा टाचा उचलतो, आणि बॅटचा आवाज आल्यावर डोकं खाली घालतो. यष्टिरक्षकाची बडबड ऐकू येते. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला लोक हाका मारतात आणि तो मागं न बघता हात वर करतो. साडेअकराला जेवणाची सुट्टी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पिशवीतून आणलेली असेल तर क्रिकेटच्या जेवणासाठी याहून सोयीचं काही नाही. सांडत नाही, विटत नाही. दिवसही हुरड्याचे, आणि जवळच्या होम मैदानावर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते.

या गावानं एक मोठा खेळाडू लहानपणी पाहिला. पॉली उम्रीगर मुंबईला जाण्यापूर्वी इथंच वाढले. वडिलांचा कापडाचा धंदा. 59 कसोटी, 3631 धावा, 12 शतकं, आणि 1955 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223, म्हणजे भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र त्यांची विचित्र अवस्था झाली. कसोटीच्या सात डावांत मिळून धावा 43. वेगवान गोलंदाज ट्रूमनपुढं ते उभेच राहू शकले नाहीत, असं तेव्हापासून बोललं जातं. त्याच दौऱ्यात लँकेशायर आणि केंट या काउंट्यांविरुद्ध मात्र त्यांनी द्विशतकं ठोकली. म्हणजे त्या उन्हाळ्यात कसोटीचं महागडं तिकीट काढणाऱ्यानं उम्रीगर पाहिलाच नाही. खरा उम्रीगर काउंटीच्या बाकावर डबा खाणाऱ्याला दिसला. इतिहासाची पुस्तकं यातलं 43 तेवढं लक्षात ठेवतात. मला हा अन्याय वाटतो.

पार्कवरही असा उलटा हिशेब झाला. 2 फेब्रुवारी 2024 ला गतविजेता सौराष्ट्र आला. त्याच हंगामात नाबाद 243 काढलेला चेतेश्वर पुजारा त्या संघात होता. त्याची फलंदाजी डोळे भरून बघावी म्हणून जो आला असेल, त्याच्या वाट्याला दोन डावांत 3 आणि 0. पण क्रिकेट मात्र चोख मिळालं. सौराष्ट्राच्या 202 आणि 164, महाराष्ट्राच्या दोन्ही डावांत 159-159. सामना 48 धावांनी गेला. चेंडू वळत होता आणि एकेका धावेला किंमत होती.

सोलापूरचा स्वतःचा पोरगा मात्र पार्कवर नव्हता. अर्शिन कुलकर्णी तेव्हा एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. आदल्याच आठवड्यात ब्लोमफाँटेनला अमेरिकेविरुद्ध त्यानं 108 केल्या होत्या. सौराष्ट्राच्या सामन्याचा पहिला दिवस आणि भारत-नेपाळ सामना एकाच तारखेचा. आपल्या घड्याळात तिकडचा खेळ दुपारी दीडला सुरू झाला, म्हणजे पार्कवर चहाची सुट्टी व्हायची होती. त्या दिवशी बीडच्या सचिन धसनं तिकडं 116 केल्या.