मुलांचं इंग्रजी न ऐकणारी परीक्षा

'थोइ फोंग किएन फुओंग ताय.' व्हिएतनाममध्ये बारावीच्या मुलांना ही ओळ तोंडपाठ असते. तिचा अर्थ 'पश्चिमेकडचा सरंजामी काळ' असा होत असला तरी इतिहासाशी तिचा काही संबंध नाही. इंग्रजी शब्दाच्या शेवटी लागणारा 'एस' कुठे 'स' म्हणायचा, हे ध्यानात राहावं म्हणून शिकवणीत दिली जाणारी ही खूणगाठ आहे. ओळीतल्या पाच शब्दांच्या आरंभी थ, फ, क, प, ट यांच्या खुणा आहेत. या ध्वनींमागून आलेला 'एस' म्हणजे 'स'. एरवी 'झ' किंवा 'इझ'. 'ई-डी'ने संपणाऱ्या भूतकाळी रूपांसाठीही अशाच ओळी आहेत.

हे सगळं पाठांतर शालान्त परीक्षेसाठी. २०२४ पर्यंत तिथल्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत दोन प्रश्न उच्चाराचे आणि दोन आघाताचे असत. नमुन्यादाखल वॉच, कुक, स्टॉप आणि प्ले या चार क्रियापदांची भूतकाळी रूपं घ्या. प्रत्येकाच्या शेवटच्या 'ई-डी'खाली रेघ मारलेली असते. पहिल्या तिघांत तिचा उच्चार 'ट' होतो, चौथ्यात 'ड'. वेगळा कोणता ते ओळखायचं आणि उत्तरपत्रिकेवरचं वर्तुळ पेन्सिलीने काळं करायचं. हे शब्द एकदाही मोठ्याने न म्हणता मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात.

व्हिएतनामी मुलासाठी तर मोठ्याने म्हणणं फारच गरजेचं आहे. त्याच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' किंवा 'झ' येतच नाही. तिथे प, ट, क आणि अनुनासिकं एवढीच व्यंजनं बसतात. भाषा सुरांची, एकेका अक्षराची, क्रियापदाला काळाचे प्रत्यय नसलेली. त्यामुळे इंग्रजी शब्दाची शेपटी त्याच्या तोंडातून सहज गळते आणि कानालाही निसटते. यावर उपाय एकच: भरपूर ऐकणं आणि भरपूर बोलणं. परीक्षेत मात्र दोन्ही नाही. २०२५ मध्ये प्रश्नपत्रिका बदलली, उच्चाराचे ते कागदी प्रश्न गेले, पण त्यांच्या जागी श्रवण किंवा संभाषण आलं नाही. पन्नास प्रश्नांचे चाळीस झाले, साठ मिनिटांची पन्नास झाली, उतारे वाढले. प्रश्न सगळेच्या सगळे बहुपर्यायी राहिले.

असं का, हे कळायला परीक्षेचा आकार पाहावा लागतो. आपल्या बारावीच्या जागी तिथे राष्ट्रीय शालान्त परीक्षा असते. जूनमध्ये सारा देश एकाच वेळी ती देतो. २०२५ मध्ये अकरा लाखांहून जास्त मुलं बसली होती. बहुपर्यायी विषयांसाठी एका खोलीत २४ मुलं आणि प्रश्नपत्रिकेचे वेगवेगळे संच, म्हणजे शेजारच्याच्या कागदात डोकावून हाती काही लागू नये. याच गुणांवर विद्यापीठातला प्रवेशही ठरतो, म्हणून पालकांचं सारं लक्ष 'निकाल निर्विवाद आहे ना' याकडे.

२०१५ मध्ये शालान्त आणि विद्यापीठ-प्रवेश या दोन परीक्षा एकत्र करण्यात आल्या, तेव्हा इंग्रजीत लेखन होतं. पाच वाक्यं बदलून लिहायची आणि सुमारे १४० शब्दांचा एक परिच्छेद. दोन वर्षं हे चाललं. २०१७ पासून लेखन वगळलं आणि पन्नास बहुपर्यायी प्रश्न उरले. परिच्छेद तपासायला माणूस लागतो, माणूस आला की मतभेद आला, वेळ आला, खर्च आला. यंत्र काळी वर्तुळं मोजतं आणि कुणाशी वाद घालत नाही.

यंत्रावरचा हा विश्वास पुढच्याच वर्षी तडकला. २०१८ मध्ये चीनच्या सीमेलगतच्या हा झांग या डोंगराळ प्रांतात ११४ मुलांच्या ३३० उत्तरपत्रिकांचे गुण फुगवल्याचं उघड झालं. शिक्षण खात्यातल्याच माणसांनी यंत्राकडून आलेली उत्तरं संगणकात बदलली होती. सोन ला आणि होआ बिन्ह या प्रांतांतही असेच प्रकार निघाले. बहुपर्यायी प्रश्नांसाठी लेखनाचा बळी दिला तो निःपक्षपणाच्या नावाने, आणि तो निःपक्षपणाही आपोआप मिळाला नाही. तरीही प्रश्नांचं स्वरूप तेच राहिलं. कडक झाली ती फक्त देखरेख.

याच काळात सरकारची स्वप्नं मात्र निराळी होती. १९८६ च्या 'दोइ मोइ' सुधारणांआधी व्हिएतनामच्या शाळांत रशियन भाषेचा दबदबा होता. बाजार खुला झाला, १९९५ मध्ये अमेरिकेशी संबंध पूर्ववत झाले, देश आसिआनमध्ये गेला आणि रशियन शिकवणाऱ्या शिक्षकांना इंग्रजीचं प्रशिक्षण घेऊन वर्गावर उभं राहावं लागलं. मग ३० सप्टेंबर २००८ रोजी परकीय भाषांचा राष्ट्रीय प्रकल्प मंजूर झाला. तरतूद सुमारे ९,४०० अब्ज डाँगची (डाँग हे तिथलं चलन). २०२० पर्यंत बहुसंख्य तरुणांना परकी भाषा स्वतंत्रपणे वापरता यावी आणि बारावी झालेला मुलगा युरोपीय चौकटीतल्या 'बी-वन' पातळीला पोचावा, हे उद्दिष्ट. 'बी-वन' म्हणजे प्रवासात अडलं तर बोलून मार्ग काढता येणं, ओळखीच्या विषयावर मत मांडता येणं. नोव्हेंबर २०१६ मध्ये शिक्षणमंत्री फुंग शुआन न्या यांनी राष्ट्रीय सभेत सांगितलं, की २०२० ची उद्दिष्टं गाठता येणार नाहीत. पुढच्या वर्षी मुदत २०२५ पर्यंत वाढली.

मंत्र्यांची ती कबुली प्रामाणिक होती. पण एक प्रश्न तेव्हाही नीट विचारला गेला नाही: बोलता येण्याचं उद्दिष्ट ठेवायचं आणि परीक्षेत बोलायला लावायचं नाही, तर वर्गातल्या शिक्षकाने कशाच्या मागे जावं? उच्च माध्यमिक शाळेत इंग्रजीचे आठवड्याला तीन तास, प्रत्येक तास ४५ मिनिटांचा, वर्गात चाळिसेक मुलं. पाठ्यपुस्तकात श्रवण आणि संभाषणाचे धडे आहेत, चांगले आहेत. बारावीचं वर्ष उजाडलं की ते मागे पडतात आणि सराव-संच पुढे येतात. यात शिक्षकाचा दोष काढणं अन्यायाचं होईल. मुलाच्या भवितव्याचा निर्णय ज्या कागदावर होतो, त्याच कागदाची तयारी तो करून घेतो.

निकालांचे आकडे बोलके आहेत. २०१८ मध्ये इंग्रजीची राष्ट्रीय सरासरी दहापैकी ३.९१ होती आणि जवळपास ७८ टक्के मुलांना पाचाहून कमी गुण होते. २०२१ मध्ये सरासरी ५.८४ वर गेली. त्या वर्षीचा आलेख पाहिला तर तिथल्या शिक्षणतज्ज्ञांना धक्का का बसला ते कळतं. लाखो मुलांच्या गुणांचा आलेख साधारणपणे मध्ये फुगलेला आणि दोन्ही कडांना उतरता असतो. इथे दोन शिखरं होती: एक चार गुणांच्या आसपास, दुसरं नऊच्या आसपास, मध्ये दरी. एकच प्रश्नपत्रिका, पण जणू दोन देशांनी सोडवलेली. एका बाजूला हो ची मिन्ह सिटी, हानोई आणि कारखान्यांनी गजबजलेले प्रांत, जिथे मूल लहानपणापासून शिकवणीला जातं. दुसऱ्या बाजूला डोंगराळ उत्तर आणि मेकाँगच्या खोऱ्यातली खेडी. प्रांतवार यादीत हो ची मिन्ह सिटी वर्षानुवर्षं पहिली आणि हा झांग तळाला असे. सरासरीचा आकडा या दोन शिखरांपैकी कुठल्याच मुलाचं वर्णन करत नाही.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी दुसरी परीक्षा शोधून काढली. आयेल्ट्स या आंतरराष्ट्रीय इंग्रजी परीक्षेत ऐकावं लागतं, वाचावं लागतं, लिहावं लागतं आणि परीक्षकासमोर बसून बोलावंही लागतं. या परीक्षेत किमान ४.० मिळवणाऱ्याला शालान्त परीक्षेतल्या इंग्रजीतून सूट मिळते. २०२४ पर्यंत तर अशा मुलाला शालान्त परीक्षेच्या हिशेबात दहापैकी दहा धरले जात, मग त्याचं प्रमाणपत्र ४.० चं असो की ८.५ चं. अनेक विद्यापीठंही प्रवेशासाठी हे गुण आपापल्या कोष्टकानुसार बदलून घेतात. सूट घेणाऱ्यांची संख्या २०२३ मध्ये सुमारे ४७ हजार होती, पुढच्या वर्षी ती सुमारे ६७ हजारांवर गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या नियमाखालची सरकारी मंजुरी हाती नव्हती म्हणून ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी या आयेल्ट्स घेणाऱ्या दोन्ही संस्थांनी परीक्षा अचानक थांबवल्या, तेव्हा हजारो घरांची झोप उडाली. आठवड्याभरात मंजुरी आली, पण एका खासगी परकी परीक्षेवर किती घरं विसंबून आहेत ते दिसून गेलं.

२०२५ मध्ये या परीक्षेचं शुल्क सुमारे ४६ लाख डाँग होतं. जुलै २०२४ पासून लागू झालेलं, ग्रामीण भाग मोडतो त्या चौथ्या विभागाचं किमान मासिक वेतन तेव्हा साडेचौतीस लाख डाँग होतं. महिन्याची सगळी मजुरी घातली तरी शुल्क भरत नाही, आणि त्याआधीच्या शिकवणीचा खर्च वेगळाच. म्हणजे ज्या मुलाचं बोलणं कुणी तरी ऐकतं, तो मुलगा पैसे भरून ऐकवतो. सरकारी परीक्षेच्या मौनाची ही किंमत आहे आणि ती गरीब घरांच्या वाट्याला येते. फेब्रुवारी २०२५ पासून शिक्षकांना स्वतःच्याच वर्गातल्या मुलांची फी घेऊन शिकवणी घ्यायला मनाई झाली. निर्णय योग्यच, पण ज्याच्या गावात दुसरी शिकवणीच नाही, त्या मुलाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

२०२४-२५ हे शैक्षणिक वर्ष दोन उलट दिशांचं ठरलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिट ब्युरोने शाळांत इंग्रजीला हळूहळू दुसऱ्या भाषेचं स्थान द्यायचं ठरवलं. आणि जून २०२५ च्या परीक्षेत, आधीच ठरल्याप्रमाणे, इंग्रजी ऐच्छिक झालं. साहित्य आणि गणित सक्तीचे, बाकी दोन विषय आवडीचे. आदल्या वर्षी नऊ लाखांवर मुलांनी इंग्रजीचा पेपर दिला होता. या वेळी उरले सुमारे साडेतीन लाख. इतिहास आणि भूगोल निवडणारे त्याहून जास्त. ज्यांनी स्वखुशीने इंग्रजी घेतलं, त्यांनाही पेपर जड गेला. २७ जूनच्या सकाळी पेपर संपला तेव्हा अनेक मुलं रडत बाहेर आली आणि उतारे 'बी-वन'च्या कितीतरी वरचे होते अशी ओरड झाली. सरासरी आली ५.३८, पाचाहून कमी गुण असणारे दर शंभरात सुमारे ३८, दहापैकी दहा मिळवणारे देशभरात १४१.

मग तोंडी परीक्षा घ्यावी का? ती घेता येते, हे व्हिएतनामने स्वतःच दाखवलं आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत इंग्रजीची चारही कौशल्यं तपासली जातात. २०१५ मध्ये देशाने 'व्हीस्टेप' ही स्वतःची प्रमाणित परीक्षा तयार केली, तिच्यात तोंडी भाग १२ मिनिटांचा. पण तोच हिशेब साडेतीन लाख मुलांना लावून पाहावा. बारा-बारा मिनिटं धरली तर ७० हजार तास होतात. हजार परीक्षक रोज सहा-सहा तास बसले, तरी बारा दिवस. शिवाय एका मुलाला दोन परीक्षक हवेत, नाहीतर पुन्हा वाद. म्हणजे तो आकडा दुप्पट. आणि असे हजार परीक्षक आणायचे कुठून? राष्ट्रीय प्रकल्पात शिक्षकांचीच पातळी तपासली तेव्हा त्यांतले बहुसंख्य ठरवलेल्या पातळीखाली निघाले होते.

श्रवणाचं तसं नाही. तिथे परीक्षक लागत नाही, उत्तरं बहुपर्यायी ठेवता येतात, यंत्रही तपासू शकतं. अडचण आहे ती आवाज सगळ्यांना सारखा ऐकू जाण्याची. डोंगरातल्या शाळेत ध्वनिक्षेपक खरखरला तर तिथल्या मुलावर अन्याय होईल, हा आक्षेप रास्त आहे. तो दूर करायची संधीही समोर आहे: २०२७ पासून काही ठिकाणी ही परीक्षा संगणकावर घेऊन पाहण्याचा मंत्रालयाचा इरादा आहे. संगणक आला की कानाला हेडफोन लावणं अवघड नाही. दहा प्रश्न श्रवणाचे ठेवले, तरी दुसऱ्या दिवसापासून वर्गावर्गांत ध्वनिफिती वाजू लागतील, कारण बारावीचा वर्ग परीक्षेइतकं दुसऱ्या कुणाचंच ऐकत नाही. सुरुवात इथून व्हायला हवी. संभाषणाचा भाग शाळेतल्या वर्षभराच्या गुणांत धरता येईल, त्याला वेळ द्यावा लागेल.

शिक्षकांची उणीव किती खोल आहे, ते मेओ वाकने दाखवलं. हा झांग प्रांतातला हा तेव्हाचा जिल्हा, चुनखडीच्या सुळक्यांमधला, मुख्यतः मोंग लोकांच्या वस्तीचा. मुलांची घरची भाषा वेगळी, शाळेची व्हिएतनामी, इंग्रजी तिसरी. २०२२-२३ पासून देशभर तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं झालं, तेव्हा या जिल्ह्यातल्या १८ प्राथमिक शाळांना मिळून इंग्रजीचा शिक्षक एकच होता. हानोईतल्या 'मारी क्युरी' या खासगी शाळेने मदतीचा हात पुढे केला. तिथले शिक्षक राजधानीत बसून पडद्यावरून मेओ वाकच्या तिसरीच्या वर्गांना शिकवू लागले. इकडे वर्गावर स्थानिक शिक्षक उभा, तिकडे इंग्रजीचा. मुलं शब्द ऐकून मागोमाग म्हणत. एका खासगी शाळेच्या दानतीवर सगळा जिल्हा चालावा ही काही व्यवस्था नव्हे, पण या मुलांची इंग्रजीशी ओळख कानाने आणि तोंडाने झाली, एवढं नक्की.

तेव्हा तिसरीत असलेली ही मुलं २०३२ च्या जूनमध्ये बारावीला बसतील. त्यांच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा त्याआधी काही वर्षं जाहीर करावा लागेल, नाहीतर शाळांना तयारीला वेळ मिळणार नाही. म्हणजे त्यांचं इंग्रजी ऐकलं जाणार की नाही, याचा निर्णय हानोईतल्या मंत्रालयाला या दशकातच घ्यावा लागणार आहे.